सहकुटुंब, सहपरिवार

१० डिसेंबर २०२१, शुक्रवार. दुबईत तेव्हा सुट्टी शुक्रवार-शनिवारी असे. नव्या वर्षापासून सरकारी कचेऱ्यांची सुट्टी शनिवार-रविवारवर जाणार, हे तीनच दिवसांपूर्वी जाहीर झालं होतं. करामाच्या घरी नाश्त्याला बसलो आणि फोन आला, "सर, आपण लॉगफोरजे वापरतो का?" मी ठामपणे नाही म्हणालो. प्रकल्पाची पोम फाइल मीच लिहिलेली, तिच्यात ते नाव नव्हतं. तासाभरात मला शब्द मागे घ्यावा लागला.

सगळा कोड आम्ही स्वतः लिहीत नाही. बिल्डच्या वेळी बरेच तयार भाग, म्हणजे जार, मेव्हन सेंट्रलसारख्या सार्वजनिक रिपॉझिटरीतून येतात. पोम फाइल ही आमची आमंत्रणांची यादी. पण यातलं प्रत्येक आमंत्रण ‘सहकुटुंब, सहपरिवार’ असतं. वीस नावं लिहावीत आणि मांडवात दोनशे जण उतरावेत. हा जो पाहुण्याचा गोतावळा, त्याला ट्रान्झिटिव्ह डिपेन्डन्सी म्हणतात. त्या दिवशी बिल्ड करणाऱ्या मेव्हनकडून सगळी वंशावळ काढून घेतली. अहवाल छापणाऱ्या एका जारच्या मागून, चौथ्या पातळीवर, लॉगफोरजे बसलेलं होतं.

त्याचं काम नोंदवही ठेवण्याचं. पण २.१४.१पर्यंतच्या आवृत्त्यांत, नोंदवायच्या मजकुरात ठरावीक खूण आली की ते खुणेतल्या पत्त्यावर जाऊन तिथली वस्तू घेऊन येई. लॉगिनच्या चौकटीत नावाच्या जागी ती खूण टाकून कोणीही परका आपला कोड आमच्या सर्व्हरवर चालवू शकत होता. अलिबाबाच्या चेन झाओजुन यांनी २४ नोव्हेंबरला अपाचे संस्थेला ते कळवलं होतं. गांभीर्याच्या मोजपट्टीवर या दोषाला दहापैकी दहा गुण मिळाले. दुरुस्तीची २.१५.० आली, ती अपुरी ठरली, मग २.१६.०, मग २.१७.०, सगळं डिसेंबरातच. प्रत्येक वेळी आम्ही पुन्हा बिल्ड केली.

तेव्हापासून एका बाबतीत मी फार आग्रही झालो आहे. एकाच जारच्या दोन आवृत्त्या दोन वाटांनी आल्या, तर मेव्हन मुळाला जवळची निवडतं, नवी नव्हे. ग्रेडल हे दुसरं बिल्ड-साधन सर्वांत वरची घेतं. निवड कोणीतरी करणारच असेल, तर ती आपण करावी. म्हणून न बोलावता आलेल्या महत्त्वाच्या जारचीही आवृत्ती आम्ही पोममध्ये वेगळ्या रकान्यात बांधून ठेवतो.

रिपॉझिटरीचंही तसंच. ३ फेब्रुवारी २०२१ला जेसेंटर ही सार्वजनिक रिपॉझिटरी बंद होत असल्याचं जाहीर झालं आणि अँड्रॉइडच्या असंख्य प्रकल्पांना आपला माल कुठून येतो हे पहिल्यांदा तपासावं लागलं. अमिरातीत बहुतेक धान्य बाहेरून येतं, म्हणून गोदामाचं महत्त्व इथे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. तसंच जारचं गोदाम आम्ही नेक्सस या सॉफ्टवेअरवर उभारलं आहे. बाहेरची जार आधी तिथे उतरते, तिथेच राहते आणि बिल्ड फक्त तिथून उचलते. घरच्या जारची नावं बाहेर शोधायचीच नाहीत, असा नियम गोदामालाच घालून दिलाय. नाहीतर त्याच नावाची, वरच्या आकड्याची परकी जार कोणीही सार्वजनिक रिपॉझिटरीत ठेवून आत शिरकाव करू शकतो. ६ सप्टेंबर २०२५ला तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ केबल तुटल्या, इथलं आणि भारतातलं इंटरनेट मंदावलं. आमच्या बिल्ड रोजच्याच वेळेत होत राहिल्या.

दर महिन्याला टीममधल्या नव्या मुलांना घेऊन मी वंशावळ वाचायला बसतो. प्रत्येक ओळीवर एकच प्रश्न: ही कोणामुळे आली? गेल्या खेपेला पुण्याहून आलेली एक मुलगी माग काढत पाचव्या पातळीपासून मुळापर्यंत आली. जिच्यासाठी तो सगळा परिवार आला होता, ती सोय आम्ही दोन वर्षांपूर्वीच काढून टाकली होती. तिने पोममधल्या पाच ओळी पुसल्या. एकोणीस जार गेल्या.