चौकोनांची घाई

सांगली

प्रिय ओंकार,


ताईचा फोन आला होता. पोराने भात सोडलाय, रात्री दार लावून क्रंचेस मारत बसतो, तू फिजिओथेरपिस्ट ना, समजाव त्याला. २००७ मध्ये ‘ओम शांती ओम’ मधल्या शाहरुखच्या पोटाकडे हीच ताई डोळे विस्फारून बघत होती, हे तिला आठवत नाही. तेव्हा मी समजावत वगैरे नाही. सिक्स पॅक हवेत तर मिळव, पण ते नुसत्या क्रंचेसने मिळत नाहीत.

ते चौकोन तुझ्या पोटात आत्ताही आहेत. फासळ्यांपासून खाली ओटीपोटाच्या हाडापर्यंत बेंबीच्या दोन्ही बाजूंनी एक उभा स्नायू जातो. त्यावर आडवे चिवट पट्टे असतात, बहुतेकांना तीन, काहींना कमीजास्त. व्यायामाने स्नायू भरतो, पट्टे जागचे हलत नाहीत. तुझे चारच निघाले किंवा तिरके निघाले, तर आजोबांशी भांड.

झाकलेत ते चरबीने. क्रंचेस मारून पोटाचीच चरबी जळत नाही. ती कुठून आधी काढायची हे शरीर ठरवतं, आणि पुरुषांच्या पोटावरची बहुधा सगळ्यात उशिरा हलते. अंगातली चरबी १०-१२ टक्क्यांपर्यंत उतरली की चौकोन नीट दिसू लागतात. किलोभर चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. रोज ४०० कमी खाल्ल्यास तीनेक आठवडे लागतील एका किलोला. त्याहून फार घाई केलीस तर चरबीबरोबर स्नायूही झडू शकतात.

म्हणून भात सोडू नकोस, एक मूद कमी घे. तुझ्या ताटातली खरी खोट प्रथिनांची आहे. नियमित व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास पुरतात. तू ६५ किलोचा, म्हणजे रोज शंभरेक ग्रॅम. एका अंड्यात सहा, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात. पातळ आमटीत किती, ते तूच बघ. अंडी, मटकीची उसळ, दही, पनीर, सोयाबीनच्या वड्या, चालत असेल तर चिकन. दाण्याचा कूट मात्र जपून: प्रथिनं आहेत, पण १०० ग्रॅम दाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी. साबुदाण्याच्या खिचडीबद्दल काय लिहू? आपल्याकडे एकादशी आणि दुप्पट खाशी.

व्यायामाचं थोडक्यात. पोटाच्या स्नायूंचं मोठं काम वाकणं नव्हे, कणा डगमगू न देणं. मल्लखांबावर हातांच्या पकडीने अंग आडवं तोलून धरणारी पोरं बघ, म्हणजे कळेल. स्क्वॅट, डेडलिफ्ट, जोर, प्लँक, बारला लटकून पाय उचलणं, हे आठवड्यातून तीनदा कर. बाकीच्या दिवशी भरपूर चाल आणि झोप. रात्री दोनपर्यंत रील्स बघून सकाळी जिमला जाणाऱ्यांचे खांदे आणि गुडघे माझ्याकडे येतात.

त्या रील्समधल्या पोटांशी तुलना करू नकोस. शूटिंगआधी पाणी-मीठ कमी करतात, दिवे बाजूने लावतात, फोटो होईपर्यंत श्वास धरतात. संध्याकाळी तेच पोट वेगळं दिसतं.

व्हे पावडर घ्यायला हरकत नाही, पण आधी अंड्यांवर खर्च कर. आणि जिममध्ये कुणी चरबी जाळायच्या गोळ्या किंवा इंजेक्शन देऊ केलं, तर त्याला हो म्हणण्याआधी मला फोन कर. रात्री-अपरात्रीही चालेल, ताईला कळणार नाही.

तुझी,
मावशी