उर्दू लिहिणारा माउस

१९८४ साली 'क्लास' या सरकारी प्रकल्पातून देशातल्या निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. मूळचा तो इंग्लंडातल्या शाळाशाळांतला. तसलाच एक मी नागपुरात कबाड्याच्या ठेल्यावरून उतरवून घेतला. माझ्या वर्गातल्या फार थोड्या मुलींकडे घरी संगणक आहे; हा तरी त्यांनी हाताळावा, उघडून बघावा, एवढीच इच्छा. अडलं माउसवर. त्याचा माउस वेगळा विकत घ्यावा लागे, तो आता कुठला मिळायला! आजचा माउस आकड्यांची पाकिटं पाठवतो. जुन्या यंत्राला हवेत विजेचे ठोके. नुसती पिन बदलून भागत नाही, मध्ये दुभाषी चिप लागते. ती एका ओळखीच्या मेकॅनिकनं बसवून दिली.

आडव्या हालचालीचे ठोके दोन तारांतून येतात, किंचित मागेपुढे. दोघींना मी बाकावर टिचक्या मारायला लावल्या. हिची आधी पडली तर बाण उजवीकडे, तिची आधी तर डावीकडे. मग मुद्दामच त्या दोन तारांची अदलाबदल केली. हात उजवीकडे, बाण डावीकडे!

"मिस, हा तर उर्दू लिहितोय!" मागच्या बाकावरून आवाज आला.

तारा सरळ करायला निघाले, तर पोरी म्हणाल्या, राहू द्या.