मृगाचे पाहुणे

मृग म्हटले की महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला तिफण आठवते. हैदराबादेत चार पिढ्या काढलेल्या आम्हा मराठी घरांना आठवतात ते पाहुणे. जूनची सात-आठ तारीख जवळ आली, की नांदेड, परभणी, सेलूकडून निरोप येऊ लागत, आणि मनमाडच्या गाडीने काचीगुड्याला उतरलेली, धापा टाकणारी मंडळी आमच्या ओसरीवर वळकट्या सोडीत. नाते कधी साडूचे, कधी गावकीचे, कधी नुसतेच आडनावाचे. त्यांना चारमिनार पाहायचा नसे. त्यांना मासा गिळायचा असे.

बत्तिनी गौड घराण्याचे हे दम्याचे औषध आमच्या वाचकांना नवे नाही. घराण्याच्या सांगण्याप्रमाणे १८४५ साली एका साधूने त्यांच्या पूर्वजाला ही विद्या दिली, ती फुकट वाटावी आणि कोणाला सांगू नये अशा अटींवर. दोन-तीन इंचांच्या जिवंत मरळ माशाच्या तोंडात पिवळसर लेप भरायचा आणि तो मासा रोग्याने गिळायचा. शाकाहाऱ्यांना लेप गुळातून. पुढे पंचेचाळीस दिवसांचे पथ्य, आणि असे ओळीने तीन मृग. पूर्वी हे जुन्या शहरात दूधबावलीच्या घरी चाले. गर्दी वाढली तसे नामपल्लीच्या नुमाइश मैदानावर आले. मासे मत्स्यखात्याच्या खिडकीवर विकत मिळतात, बंदोबस्त पोलिसांचा असतो. लेपाबद्दल घराणे पैसा घेत नाही, हे त्यांच्या टीकाकारांनीही मान्य केले पाहिजे. दुसऱ्या अटीबद्दल मात्र तसे म्हणवत नाही. जे औषध तपासताच येत नाही त्याचा गुणही सांगता येत नाही आणि दोषही.

सेलूकडच्या एका काकांना आमच्याकडे उतरले त्याच रात्री धाप लागली. ओठ निळसर दिसू लागले, तेव्हा गल्लीतल्या डॉक्टरांना उठवून आणले. त्यांनी पंपाचे चार-सहा झोत दिले आणि पाऊण तासाने काका भिंतीला टेकून चहा मागू लागले. पहाटे पाच वाजता ते मैदानावर जायला तयार! डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "काका, पंप घरी का ठेवत नाही?" काका म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पंप दर महिन्याला पैसे मागतो. मासा वर्षातून एकदा. आणि पंप लागला म्हणजे माणूस संपला, असं गावात बोलतात."

आमच्या मंडळाच्या बैठकीत या विषयावर दोन पक्ष पडत. एक अडाणीपणा म्हणून नाक मुरडी, दुसरा श्रद्धा म्हणून हात जोडी. काकांच्या हिशेबाकडे मात्र दोन्ही पक्षांची पाठ. तालुक्याच्या डॉक्टरकडे जायचे तर दिवसाची मजुरी बुडणार, हा अडाणीपणा नव्हे आणि श्रद्धाही नव्हे.

आमची खरी तक्रार वर्तमानपत्रांविषयी आहे. दरवर्षी तेच छायाचित्र: बापाने धरलेले पोर, वासलेले तोंड, माशाची शेपटी. किती हजार माणसे आली, किती खिडक्या होत्या, कोणत्या राज्यांतून लोक आले. आमच्याकडे या कात्रणांची एक जाडजूड फाईल आहे. त्यात गेल्या मृगाला आलेल्यांपैकी दहा जणांना गाठून "आता श्वास कसा आहे?" असे विचारणारी एकही बातमी नाही. दमा हा चढउताराचा आजार. माणूस उपचाराला धावतो तो चढ असताना. उतार आपोआप आला तरी श्रेय शेवटच्या उपचाराला मिळते. २०२० ते २०२२ या करोनाच्या तीन वर्षांत वाटप झालेच नाही. तेव्हा नेहमीच्या रोग्यांचे काय झाले, हे विचारण्याची आयती संधी चालून आली होती. २०२३ साली वाटप पुन्हा सुरू झाले आणि शेपटीचे छायाचित्रही.

कायदा नाही असे नाही. औषधे आणि जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ सालचा. त्यात जाहिरातीची व्याख्या वाचण्यासारखी आहे: परिपत्रक, वेष्टन, तोंडी घोषणा, एवढेच काय, प्रकाश, आवाज किंवा धूर यांनी केलेली घोषणाही तीत येते. धुराचा विचार करणाऱ्या त्या कायदेकर्त्यांना पहिल्या पानावरची फुकट बातमी काय काम करते, याची कल्पना नसावी. शिवाय शब्द बदलता येतो. जनविज्ञान वेदिकेसारख्या संघटनांनी आक्षेप घेतले, वाद न्यायालयात गेला, आणि 'चेप मंदु'चे, म्हणजे मासळी-औषधाचे, 'चेप प्रसादम्' झाले. प्रसादाला कोण पुरावा मागणार?

जिथे जाहिरात उघड असते तिथेही फार काही हाती लागत नाही. पतंजलीच्या प्रकरणात एप्रिल २०२४ मध्ये ६७ वृत्तपत्रांतून माफी छापली गेली, तेव्हा ती जाहिरातींएवढ्याच आकाराची आहे काय, असे न्यायमूर्तींना विचारावे लागले. आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांच्या जाहिरातींना पूर्वमंजुरी लागावी, असा नियम १७० हा २०१८ मध्ये आला. जुलै २०२४ मध्ये केंद्राने तो काढला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या काढण्याला स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये प्रकरणच संपवले. नियम गेला तो गेलाच.

दम्याचे दोन्ही पंप, धाप तात्काळ उतरवणारा आणि रोज घ्यायचा, २०२२ च्या राष्ट्रीय आवश्यक औषधसूचीत आहेत. सूचीतले औषध सेलूच्या पलीकडच्या खेड्यात बारा महिने मिळते का, ही बातमी कोणी आणली तर आम्ही ती फाईलमध्ये सर्वांत वर लावू.

तोवर आमची एक सूचना आहे. मैदानावर मत्स्यखात्याच्या इतक्या खिडक्या असतात, तिथे दम्याची एक खिडकी आरोग्यखात्याने मांडावी. येणाऱ्याची फुंक मोजावी, नावगाव लिहून घ्यावे, पंप कसा ओढायचा ते दाखवावे आणि पुढच्या मृगाला त्याच वहीतून नावे पुकारावीत. गल्लीतल्या डॉक्टरांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "खिडकी मांडा, मी बसतो. पण रांगेतून कोणाला ओढून आणणार नाही. मासा गिळून आला तरी चालेल."