दीड लिटर

वीकेंडला काय केलंस असं आयटीवाल्याला विचारलं की ठरलेली उत्तरं येतात. झोपलो, कपडे धुतले, घरी व्हिडिओ कॉल केला. मी गेल्या वीकेंडला संडास दुरुस्त केला. तोही समुद्रात, रात्री अकरा वाजता.

थांबा, सुरुवातीपासून सांगतो.

सध्या मी साउथॅम्प्टनला ऑनसाइट आहे. क्लायंटकडच्या टेस्ट मॅनेजरची एक शिडाची बोट आहे. अठ्ठावीस फुटी, सत्तरच्या दशकातली, म्हणजे माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठी. शनिवारी त्याने मला आणि माझ्या नागपूरकर रूममेटला बोलावलं. इंग्लंडची मुख्य भूमी आणि आइल ऑफ वाइट यांच्यामधल्या सोलेंट नावाच्या सामुद्रधुनीत दिवसभर फिरलो आणि संध्याकाळी त्या बेटावरच्या न्यूटाउन क्रीकमध्ये नांगर टाकला. चहूकडे चिखल, पक्षी आणि शांतता. ना दुकान, ना हॉटेल. फोटो झकास आले. किनाऱ्यावर टॉयलेट नाही, ही गोष्ट फोटोत दिसत नाही.

रात्री रूममेट त्या कपाटाएवढ्या खोलीतून बाहेर आला आणि हळूच म्हणाला, "अबे, पाणी वर येऊन राहिलं ना!"

बोटीवरच्या संडासाला ‘हेड’ म्हणतात. जुन्या शिडाच्या जहाजांवर खलाशांची ही सोय अगदी पुढच्या टोकाला, म्हणजे जहाजाच्या ‘डोक्यापाशी’ असायची, म्हणून ते नाव. फ्लशची टाकी वगैरे भानगड नाही. भांड्याशेजारी एक हातपंप आणि एक खटका. खटका एकीकडे केला की पंप समुद्राचं पाणी आत ओढतो आणि भांडं धुतो. दुसरीकडे केला की नुसतं उपसतो. उपसलेलं सगळं नळीने वर चढून एका टाकीत जातं. समुद्राचं पाणी आत येतं ते बोटीच्या तळाला पाडलेल्या भोकातून, आणि त्या भोकावर एक कॉक असतो.

यातली मेख अशी की भांडं बाहेरच्या समुद्राच्या पातळीपेक्षा खाली असतं. त्यामुळे भांड्यात आपोआप चढणारं पाणी म्हणजे नुसती घाण नव्हे, ती बोट बुडण्याची सुरुवातही असू शकते.

आमच्या स्किपरच्या उजव्या अंगठ्याला दुपारीच दोराने चांगला हिसका दिला होता. भलंमोठं बँडेज. तो बाकावर बसूनच म्हणाला, "आधी दोन्ही कॉक बंद कर. मग मला सांग, पाणी कुठून येतंय हे कसं शोधशील?" हा माणूस बग कॉलमध्येही अस्साच विचारतो!

संशयित दोनच. एक, समुद्र. दोन, वर चढणाऱ्या नळीतलं, आपणच मघाशी ढकललेलं पाणी. कॉक बंद केला, भांडं उपसून कोरडं केलं आणि मोबाइलचा टॉर्च लावून दोघं बघत बसलो. पाणी पुन्हा चढायला लागलं. रूममेट लाइफ जॅकेट शोधायला लागला.

पण थोडं चढून ते थांबलं. मग डोक्यात आलं की नळीचं गणित करून बघावं. आतला व्यास ३८ मिलिमीटर, चढ साधारण सव्वा मीटर. म्हणजे नळीत मावणार जेमतेम १.४ लिटर. समुद्र असता तर थांबला नसता. थांबलं आणि तेही दीड लिटरच्या आत, म्हणजे हे आपलंच आहे. कॉलेज सुटल्यावर पाय आर स्क्वेअर एच पहिल्यांदाच कामी आला :)

आता दोषीही सापडला होता. पंपाच्या बाहेरच्या तोंडाशी रबराचा एक व्हॉल्व्ह असतो. बदकाच्या चोचीसारखा, पुढे जाऊ देणारा, मागे न येऊ देणारा. त्याचं नाव जोकर व्हॉल्व्ह. (मी ठेवलेलं नाही, खरंच तेच आहे.) स्किपरच्या डब्यात नवा पडला होता. चार स्क्रू काढायचे, जुना काढायचा, नवा बसवायचा. दहा मिनिटांचं काम.

आणि मी हललोच नाही.

खोटं कशाला बोलू, ज्याला हात लावायचा होता ते पाहून मला मळमळलं. पण नुसती मळमळ नव्हती. रूट कॉज ॲनालिसिस मी केला होता, सोल्यूशन मी सांगितलं होतं. आता ‘कुणीतरी’ येऊन ते करेल, असं माझं डोकं अगदी सहज धरून चालत होतं. बोटीवर तिघं होतो. हा ‘कुणीतरी’ कोण?

तिसरी-चौथीत असताना पुण्यात आमच्या सोसायटीचा चेंबर तुंबला होता. एक माणूस आला. शर्ट काढून ठेवला आणि आत उतरला, छातीपर्यंत. हातमोजे नाहीत, काही नाही. बाबा आणि सेक्रेटरी काका नाकाला रुमाल लावून वरून सूचना देत होते. मी गॅलरीतून बघत होतो. काम झाल्यावर आईने चहा दिला. त्या चहासाठीचा वेगळा कप खिडकीच्या गजाला अडकवलेला असायचा. २०१३च्या कायद्याने माणसाला असं साधनांशिवाय गटारात उतरवणं हा गुन्हा झाला. त्यानंतरही त्यात माणसं मेल्याच्या बातम्या आपण वाचतोच, आणि पुढच्या बातमीकडे स्क्रोल करतो.

"मी करतो," म्हणालो. जरा उशिराच म्हणालो, पण म्हणालो.

स्किपरने हातमोजे काढून दिले. परत आलेलं पाणी डब्याने उपसून झाकणाच्या बादलीत भरलं. स्क्रू काढले. वासाबद्दल लिहीत नाही, तुम्ही कदाचित चहा पीत असाल. आपल्याकडे बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर साचतात तसे क्षार त्या चोचीवर बसले होते. लघवी आणि खारं पाणी एकत्र आलं की हे होतंच. चोच उघडी ती उघडीच राहिली होती. नवा व्हॉल्व्ह बसवला, चोच टाकीच्या दिशेने. कॉक उघडला, पंप मारला, उपसलं, थांबलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. भांडं कोरडं.

दोनदा साबणाने हात धुतले. वर आलो तर स्किपरने डाव्या हाताने चहा केला होता. बोटीवर मगच तीन. जो हाताला लागला त्यात त्याने मला ओतून दिला आणि बिस्किटांचा पुडा पुढे केला. मी मग हातात घेऊन जरा वेळ तसाच बसलो. रूममेट म्हणाला, "काय झालं बे, गार होऊन राहिला."

रविवारी घरी फोन केला. बोटीचं सगळं सांगितलं. आई आधी हसली, मग "शी, हात नीट धुतलेस ना?" मग मी विचारलं,

"आई, आपल्याकडे चेंबर साफ करायला यायचे, त्यांचं नाव काय होतं गं?"

ती बराच वेळ आठवत राहिली.

"नाव... चेंबरवालाच म्हणायचे रे सगळे. का?"

"काही नाही," म्हटलं. "तो गजावरचा कप आहे का अजून?"

"आहे की."

डिसेंबरमध्ये सुट्टीवर जातोय. तो कप आधी आत आणून इतर कपांत ठेवायचाय. नावही विचारून काढायचंय. सेक्रेटरी काकांना माहीत असेल कदाचित.