दुसरी खेप

आमच्याकडे दिवस राहिले की तीन महिने कुणाला सांगत नाहीत. दृष्ट लागते म्हणतात. त्यामागची धाकधूक मला कळते. पण जिला पहिल्या खेपेला प्री-एक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी धोकादायक वाढण्याचा आजार, झाला होता, तिने निदान डॉक्टरांपासून आणि उपकेंद्रातल्या सिस्टरांपासून ही बातमी लपवू नये, असं मी आता भेटेल तिला सांगते. तिच्यासाठी जी गोळी खरोखर कामाची आहे, ती सुरू करण्याची वेळ नेमकी हे तीन महिने संपता संपता येते.

माझी मुलगी बत्तिसाव्या आठवड्यात झाली. वर्गात शिकवताना डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, उजव्या बरगडीखाली कळ येऊ लागली. शाळेत सगळे म्हणाले, पित्त असेल. कराडला दवाखान्यात पोहोचले तेव्हा बीपी १७०/११० होतं आणि लघवीतून प्रोटीन जात होतं. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट दिलं. शिरेतून ते जाताना अंगभर उकळतं पाणी फिरावं तसं झालं, मग दोन्ही कुल्ल्यांत इंजेक्शनं. पुढचा डोस देण्याआधी दरवेळी सिस्टर माझ्या गुडघ्यावर हातोडी मारायच्या, पाय उडतो का पाहायच्या, श्वास मोजायच्या, लघवी किती झाली ते बघायच्या. औषध अंगात जास्त साठलं तर आधी पायाचं ते उडणं थांबतं आणि मग श्वास मंदावतो, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. मुलगी बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर आजाराचं नाव होतं. पुढच्या वेळी काय करायचं, ते मात्र कार्डावरही नव्हतं आणि कुणी तोंडीही सांगितलं नाही. ‘काळजी घ्या’ एवढंच. त्याचा राग मला अजून येतो.

दुसऱ्या मुलाचा विचार सुरू झाला तेव्हा आम्ही वेगळ्या डॉक्टरांकडे गेलो, दिवस राहण्याच्या आधीच. त्यांनी ते कार्ड शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि आकडे सरळ पुढे ठेवले. हा आजार एकदा झालेल्या शंभर बायकांपैकी साधारण सोळा जणींना तो पुन्हा होतो. पहिलं बाळंतपण ३४ आठवड्यांच्या आत झालं असेल, तर साधारण तेहतीस जणींना. ऐकून पोटात गोळा आला, पण तीनपैकी दोघींना होत नाही, हेही त्याच आकड्यात होतं. मग बीपी, साखर, किडनीची तपासणी आणि रक्तात गुठळ्या करणारी अँटीबॉडी आहे का, याचीही.

गोळी होती ॲस्पिरिनची. वार जिथे रुजते तिथल्या गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या पहिल्या चार-पाच महिन्यांत रुंद व्हाव्या लागतात. त्या झाल्या नाहीत तर वारेला रक्त कमी पडतं, आणि आईचं बीपी वाढतं ते पुष्कळ नंतर. म्हणजे सातव्या महिन्यात दिसणाऱ्या दुखण्याची सुरुवात कितीतरी आधी झालेली असते. म्हणूनच गोळी बाराव्या आठवड्याच्या सुमारास सुरू करायची, सोळाव्याच्या आत. मला रोज रात्री १५० मिलिग्रॅम, छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ॲस्प्रे’ या चाचणीत जास्त धोका असलेल्या गरोदर बायकांना एवढाच डोस दिला होता, आणि ३७ आठवड्यांच्या आत बाळंतपण करायला लावणारा प्री-एक्लॅम्प्सिया त्यांच्यात निम्म्याहून कमी झाला. अर्थात ही गोळी दुकानातून परस्पर आणून घ्यायची नाही.

“रक्त पातळ करायची गोळी, आणि ती पोटुशीला?” सासूबाई घाबरल्या. पुढच्या तपासणीला त्यांनाच बरोबर नेलं. डॉक्टरांनी त्यांना खुर्ची दिली आणि सगळं पुन्हा समजावलं. त्यानंतर रात्री गोळीची आठवण त्याच करायच्या. माझ्या ताटातलं मीठ त्यांनी बंद केलं होतं, तेही पुन्हा आलं. मीठ तोडून किंवा दिवसभर पडून राहून हा आजार टळत नाही. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र चुकवायच्या नाहीत, आणि त्या लोहाच्या गोळीबरोबर घ्यायच्या नाहीत.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. तिथे माझ्या कार्डावर अतिजोखमीचा लाल स्टिकर लागला. शेजारच्या बाईने तो पाहून हळहळ केली, मला उलट धीर आला. तिथल्या सिस्टर बीपी घ्यायची घाई करत नसत. “मॅडम, आधी लघवीला जाऊन या. पाठ टेकून पाच मिनिटं बसा. पाय जमिनीवर, एकावर एक नको. आता बोलायचं नाही.” दंड टेबलावर, छातीच्या उंचीला. माझा दंड जाड, म्हणून त्या मोठा पट्टा शोधून आणत; लहान पट्ट्यावर आकडा फुगतो. घरी मशीन घेतलं तेव्हा यांनीही हेच नियम पाळले आणि वहीत आकडे लिहिले. १४०/९० दिसलं की फोन, १६०/११० ला थेट दवाखाना.

विसाव्या आठवड्यानंतर सोनोग्राफीत रक्तप्रवाह पाहणारा डॉपलर झाला, अठ्ठाविसाव्यानंतर बाळाची वाढ वरचेवर पाहिली. तरीही छत्तिसाव्या आठवड्यात बीपी १४६/९४ झालंच. ॲस्पिरिन धोका कमी करते, पुसून टाकत नाही. बीपीचं औषध लॅबेटॅलॉल सुरू झालं, सदतीस पूर्ण होताच कळा आणवल्या. मुलगा अडीच किलोच्या वर भरला आणि माझ्याच कुशीत राहिला.

बाळंतपण झालं की सुटलो, असं घरात सगळ्यांना वाटतं. पण बीपी सर्वांत वर चढतं ते बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास, आणि झटके तेव्हाही येऊ शकतात. म्हणून बाळंतिणीला तेल लावायच्या आधी दंडाला पट्टा, हा नियम सासूबाईंनीच घातला. ज्यांना हा आजार होऊन गेला त्यांना पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका साधारण दुप्पट असतो. धडधाकट दिसणाऱ्या तरण्या बाईचं बीपी एरवी कुणी बघत नाही. शाळेत मुलांच्या तपासणीला आरोग्य पथक येतं, तेव्हा रांग संपली की मी डॉक्टरांना माझंही बघायला सांगते.