टेबलाच्या अलीकडे बसताना

चि. बाळ,


मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून तू ग्रामपंचायतीत रुजू झालीस, हे वाचून फार आनंद झाला. पदवीधराला महिना 10000 रुपये, बारावीवाल्याला 6000. घरात त्यावर बोलणं झालंच असेल. 2024 मध्ये योजना आली तेव्हा मुदत सहा महिन्यांची होती, पुढे ती अकरा महिने झाली. मुदत संपल्यावर आम्हाला कायम करा म्हणून पोरं-पोरी आंदोलनाला बसली, तेही आपण पाहिलं. त्यांची तळमळ मला पटते. शिकवून तयार केलेल्या माणसाला घरी पाठवणं गावाच्याही हिताचं नाही.

पण मला आज लिहायचंय ते तुझ्या पत्रातल्या एका ओळीवरून. पहिल्या आठवड्यात पोर्टल दाखवलं, लॉगिन दिलं, दाखले कसे काढायचे ते शिकवलं, असं तू लिहिलंस. ही ग्रामपंचायत कुणाची, हे कुणी सांगितल्याचं त्यात कुठे नाही. मी इतकी वर्षं ग्रामसेवकाच्या खुर्चीत काढली, आणि माझं ठाम मत आहे की हे सगळ्यात आधी सांगायला हवं.

नमुना 8 चं रजिस्टर रोज तुझ्या हाताखालून जाईल. घरपट्टीच्या आकारणीची ती नोंद. मालकी हक्काचा तो पुरावा नव्हे, पण गावात माणूस त्याच उताऱ्यावर आपलं घर ओळखतो. त्यातला मालकाच्या नावाचा रकाना एकदा सावकाश वाच. पानंच्या पानं पुरुषांची नावं दिसतील. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर नोंदवावं, असा शासन निर्णय 2003 चा आहे. तरी एखादी बाई उतारा मागायला आली की ‘मालकांना पाठवा’ म्हणून तिला परतवून लावतात. जिनं त्या घराच्या भिंती लिंपल्या, तिला. तुझ्यासमोर अशी कुणी आली तर तिला खुर्ची दे. रजिस्टर तिच्या बाजूला फिरव, रकान्यावर बोट ठेवून वाचून दाखव. नाव लावायला काय लागतं ते सांग, कोरा कागद दे, लिहिता येत नसेल तर अर्ज लिहून दे. याला कुणाची परवानगी लागत नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज आला की कार्यालयात चेहरे बदलतात, तेही तू पाहशील. अर्जदार म्हणजे त्रास द्यायला आलेला माणूस, असं तुझ्या कानावर घालतील. तू कायदा वाच. 2005 चा आहे, फार मोठा नाही. दहा रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही नाही, तीस दिवसांत उत्तर, आणि माहिती कशाला हवी हे विचारायचा अधिकार कुणालाच नाही. वित्त आयोगाचा निधी किती आला, पाण्यावर किती गेला, हे विचारणाऱ्या माणसाचाच तो निधी असतो.

आता ग्रामसभा. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त हेळसांड तिची होते. 24 एप्रिल 1993 पासून 73 वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि ग्रामसभेला राज्यघटनेत जागा मिळाली. गावच्या मतदार यादीत ज्यांचं नाव, ते सगळे तिचे सभासद. म्हणजे तूही. 2022 पासून आपल्याकडे कित्येक जिल्हा परिषदा नि महापालिका वर्षानुवर्षं प्रशासकांच्या हाती राहिल्या. ग्रामसभेची मुदत मात्र कधीच संपत नाही, कारण ती निवडून द्यावी लागत नाही. गाव आहे तोवर ती आहे.

गणपूर्तीला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यातली कमी असेल ती संख्या लागते. एवढीही माणसं जमत नाहीत, मग हजेरीचं रजिस्टर घरोघरी फिरवून सह्या गोळा करायची खोड अनेक ठिकाणी आहे. ते रजिस्टर घेऊन तुला पाठवलं तर जाऊ नकोस. अक्षर चांगलं म्हणून इतिवृत्त लिहायला तुलाच बसवतील. आनंदानं बस. पण ‘चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर’ एवढंच लिहून मोकळी होऊ नकोस. कुणी काय विचारलं, सरपंचांनी काय उत्तर दिलं, विरोध कुणाचा होता, सगळं यायला हवं. शेवटचा ठराव संपला की खाली कोरी जागा सोडू नकोस, तिथं नंतर काहीही घुसवता येतं. आणि सभा उठायच्या आत ते मोठ्यानं वाचून दाखव.

विरोध एकट्याचा असला तरी तो मोलाचा असतो. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते, 1876 पासून काही वर्षं, सरकारनं नेमलेले. व्हाइसरॉय लिटन पुण्याला येणार म्हणून त्याच्या स्वागताला हजार रुपये खर्चायचं ठरलं. जोतीराव म्हणाले, हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा, आणि एकट्यानं विरोधात मत दिलं. नेमलेला माणूसही असा उभा राहू शकतो. तू तर तिथली मतदार आहेस.

खरं तर हे सगळं शिकवायचं काम माझ्यासारख्या निवृत्त बाईचं नाही. पुण्याची यशदा ही संस्था सरपंच-सदस्यांना प्रशिक्षण देते, तसे या योजनेतल्या मुलांसाठीही सुरुवातीचे दोन दिवस ठेवता येतील. एक दिवस कायद्याला, एक दिवस ग्रामसभेला नुसतं बसायला. मी जिल्हा परिषदेला तसं लिहिणार आहे. तुझ्याबरोबर रुजू झालेल्यांपैकी कुणाला सही करायची असेल तर विचारून ठेव.

ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते. तुमच्याकडे ती खरोखर भरते का, की कागदावरच, तेवढं बघून कळव. दादाला आणि वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या