दादांची चौथी फ्लॉपी

आमच्या थोरल्या बंधूंना, दादांना, देवाघरी जाऊन येत्या नाताळात दहा वर्षे पूर्ण होतील. आमच्या चर्चच्या गायनवृंदात त्यांनी पंचवीस वर्षे कीबोर्ड वाजविला आणि काही गीतांना स्वतः चालीही लावल्या. त्या चाली त्यांनी कागदावर कधी उतरविल्या नाहीत. गेल्या पावसाळ्यात माळा गळू लागला म्हणून जुनी पेटी खाली काढली, तेव्हा तिच्या तळाशी चार फ्लॉप्या सापडल्या. गायनवृंदाची धुरा आता माझी पुतणी सांभाळते. ती म्हणाली, ''काका, बाबांची गाणी असतील का हो यांत?''

फ्लॉपी वाचणारे यंत्र मिळविण्यात आठवडा गेला. तीन फ्लॉप्या वाचल्याच गेल्या नाहीत. चौथीवर नऊ फाइली होत्या. त्यांपैकी पाच एका जुन्या सॉफ्टवेअरच्या खास पद्धतीने साठविलेल्या होत्या. ते सॉफ्टवेअर केव्हाच बंद पडले आहे, त्यामुळे ती पाच गाणी आमच्यापुरती मुकी झाली. उरलेल्या चार 'मिडी' फाइली मात्र आजच्या संगणकावर पहिल्याच प्रयत्नात उघडल्या.

वाचकहो, मिडी म्हणजे ध्वनिमुद्रण नव्हे. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेत वाद्यांच्या एका व्यापारी मेळाव्यात सिक्वेन्शियल सर्किट्स आणि रोलँड या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडून दाखविण्यात आली. एकावर बोट ठेवताच दुसरे वाजू लागले. त्या तारेतून स्वर वाहत नव्हता, वाहत होती फक्त वार्ता : कोणती पट्टी दाबली, किती जोराने, आणि केव्हा सोडली. पट्टीला शून्य ते १२७ यांमधील एक क्रमांक, आघाताच्या जोरालाही तसाच एक अंक. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी या दोघांना या कार्याबद्दल २०१३ साली ग्रॅमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. म्हणजे त्या फायलींत दादांच्या वाद्याचा आवाज नव्हता. होती ती त्यांच्या बोटांची हालचाल.

आता प्रश्न आला सॉफ्टवेअरच्या निवडीचा. ही सॉफ्टवेअरे ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार स्वरलेखनाचा. म्यूझस्कोर हे त्यांतले विनामूल्य आणि मुक्त सॉफ्टवेअर. पाच रेषांवर स्वर मांडावेत, त्याखाली गीताचे शब्द लिहावेत आणि पाने छापून गायकांच्या हाती द्यावीत, हे त्याचे काम. दुसरा प्रकार सिक्वेन्सरचा. क्यूबेस किंवा रीपर यांच्यासारख्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक स्वर पडद्यावर आडव्या पट्टीसारखा दिसतो. तो जेथे वाजला तेथेच राहतो, मग तो तालाच्या रेघेवर असो वा नसो.

पुतणीला वृंदासाठी छापील पाने हवी होती, म्हणून आम्ही म्यूझस्कोर निवडले. फाइल आत घेताना ते सॉफ्टवेअर मागेपुढे पडलेले स्वर जवळच्या मात्रेवर आणून बसविते. तसे न केले तर कागदावर वाचता न येणारा गुंता होईल. पाने सुबक निघाली. रविवारी संध्याकाळी तालीम झाली. परंतु तिसऱ्या गीताच्या अखेरच्या ओळीशी सारे अडखळू लागले. वृंदातील एक वयस्कर भगिनी म्हणाल्या, ''इथं दादा थांबायचे. आम्हांला दम घ्यायला.''

घरी येऊन मी तीच मूळ फाइल सिक्वेन्सरमध्ये उघडली. शेवटच्या ओळीपूर्वीचा स्वर दादांनी जवळजवळ एक मात्रा लांबविला होता. पहिल्या कडव्यात तसेच, दुसऱ्यात तसेच, तिसऱ्यात किंचित अधिक. आणखी एक गोष्ट ध्यानात आली. डाव्या करंगळीच्या स्वरांपुढे चाळीसच्या आसपासचे अंक होते आणि शेजारच्या बोटांपुढे सत्तरच्या वर. लहानपणी विहिरीच्या रहाटात दादांची ती करंगळी चेमटली होती. पुतणी बराच वेळ त्या अंकांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ''काका, हे अंक सारखे करू नका.''

ते अंक सारखे करणे एका कळीचे काम होते. सॉफ्टवेअर विकत घेताना किंवा उतरवून घेताना त्यात किती वाद्ये आहेत, पडदा किती देखणा आहे, हे आपण पाहतो. मला आता वाटते की दोनच प्रश्न आधी विचारावेत. हे सॉफ्टवेअर आपण न सांगता आपल्या वादनात काय बदलते? आणि उद्या ते बंद पडले तर आपले काम दुसरीकडे उघडेल काय? हा दुसरा प्रश्न काल्पनिक नाही. १९८८ पासून नावाजलेल्या फिनाले या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरचा विकास ऑगस्ट २०२४ मध्ये थांबविण्यात आला. ज्यांनी आपले काम मिडी किंवा म्युझिक-एक्सएमएल या सर्वमान्य रूपांतही जपले, त्यांना दुसरे दार उघडे राहिले.

अखेरीस आम्ही दोन्ही सॉफ्टवेअरे ठेवली. म्यूझस्कोरमधील पानांवर त्या स्वराच्या डोक्यावर थांबण्याची खूण घातली. नव्या मुलांनाही आता तेथे श्वास मिळतो. मूळ चार फाइली कोणताही बदल न करता तीन ठिकाणी उतरवून ठेवल्या आहेत, त्यांतली एक प्रत पुतणीपाशी. त्या मुक्या पाच फाइलीही आम्ही टाकून दिलेल्या नाहीत.

परवा ती चाल मी कीबोर्डवर वाजवून पाहिली. माझी करंगळी धडधाकट आहे. त्या जागी बोट हलके ठेवायला मला अजून जमत नाही.